रेडिओची फळी

पुस्तकांच्या कपाटात रेडिओ बसत नाही. पुस्तकांच्या कप्प्याची खोली नऊ-दहा इंच असते. शब्दकोश, जुने दिवाळी अंक, काय हवं ते त्यात मावतं. पण १९५०-६० च्या सुमाराचा मोठा व्हॉल्व्ह सेट घ्या. त्याची लाकडी पेटीच अकरा-बारा इंच खोल. पाठीला भोकाभोकांचा पुठ्ठा, त्यातून निघालेली वायर, एरियल आणि अर्थच्या पिना. पुठ्ठा आणि भिंत यांच्यात दोन-तीन इंच हवा खेळायला हवी, कारण आतले व्हॉल्व्ह अर्ध्या तासात हात लावू नये इतके तापतात. म्हणजे झाले पंधरा इंच. पंधरा इंची कपाट ज्या भिंतीला लावाल ती भिंत सव्वा फूट पुढे आली असंच समजायचं. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना लावलं की दहा फुटांच्या खोलीचे साडेसात फूट उरतात, आणि त्या साडेसातात माणसांना राहायचं असतं.

माझ्याकडे ११२ रेडिओ जमले. कोथरूडच्या तीन खोल्यांत आम्ही दोघं आणि हे. पहिलं कपाट करायचं ठरलं तेव्हा आलेल्या सुतारांनी टेप भिंतीला लावता लावता विचारलं, "काय ठेवायचंय साहेब? पुस्तकं का भांडी?"

"रेडिओ."

त्यांनी टेप खाली घेतली. "वजन काय एकाचं?"

"दहा किलो धरा. एखादा बारा-तेराही आहे."

"मग तीन फुटांच्या वर कप्पा नको. पाऊण इंची प्लाय घातला तरी वर्षभरात मधे बाक येईल." थोडं थांबून ते म्हणाले, "आमच्याकडे मर्फी होता. वडिलांचा. ट्रंकेवर असायचा, खाली गोधडीची घडी घालून."

त्या गोधडीच्या घडीसाठी मी त्यांना चहा होईपर्यंत बसवून घेतलं. ट्रंकेत वर्षाचे कपडे, त्यामुळे ती उघडायची झाली की आधी रेडिओ दोघांनी मिळून उचलायचा. तरी त्याची जागा कधी बदलली नाही. घरात टेबल नव्हतं, म्हणून घरातली सगळ्यांत सपाट आणि सगळ्यांत जपलेली वस्तू त्याला दिली होती.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या होत्या आणि माणसं सात. तिथे रेडिओची फळी होती. ओतीव लोखंडाचे दोन ब्रॅकेट, वर सागवानी फळी, माझ्या वडिलांच्या छातीइतक्या उंचीवर. आम्हा मुलांचा हात पोचू नये आणि आजीला पाटावर बसून ऐकू यावं, अशी ती उंची बेतलेली होती. फळीवर रेडिओशिवाय काही ठेवायचं नाही. आजोबांचा चष्मासुद्धा नाही. आत्यानं भरतकाम केलेला पडदा त्याच्या तोंडावर असायचा. तो बाजूला करणं म्हणजे रेडिओ लावण्याची पहिली पायरी. छताजवळून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तांब्याच्या जाळीची चपटी एरियल ताणलेली. घरातली एवढी उंच, एवढी लांब वस्तू दुसरी नव्हती. वर्षाला १५ रुपये लायसन्स फी पोस्टात भरायची, त्याची तिकिटं चिकटवलेली पुस्तिका रेशनकार्डाशेजारी असायची. आई सांगायची, आधी फळी ठोकली आणि मग रेडिओ आला. दोन दिवस ती नुसतीच रिकामी होती आणि घरातलं माणूस येता-जाता तिच्याकडे बघत होतं.

पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, त्या केंद्रावरून गीतरामायणाचं पहिलं गीत लागलं आणि पुढे वर्षभर, आठवड्याला एक अशी माडगूळकर-फडक्यांची ५६ गीतं लागली. त्या वेळी लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, ही हकिगत पुण्यात अनेक घरांतून ऐकायला मिळते. आमच्याही घरातून मी ती ऐकली. माझ्या जन्माच्या आधीचं हे सगळं. पण वाड्यातल्या त्या फळीखालच्या भिंतीवर उदबत्तीच्या धुराचा एक पिवळट पट्टा पुढे कितीतरी वर्षं, रंग देऊनही, वर येत असे. तो मी बघितलेला आहे.

वाडा पाडला तेव्हा रेडिओ आधीच गेला होता. कुठे, ते घरात कुणी नीट सांगू शकलं नाही. ते दोन ब्रॅकेट मात्र मी पहारीनं काढून आणले. ते अजून हत्यारांच्या पेटीत आहेत. आमच्या आताच्या इमारतीच्या आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या आहेत. त्यात खिळा बसतो, पण दहा किलोची फळी मी त्यांच्या भरवशावर टाकणार नाही.

रेडिओ जमले कसे, हे पुष्कळ जण विचारतात. सुरुवात जुन्या बाजारात झाली. बुधवार आणि रविवार. जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, कुलपं, सायकलीचे पॅडल, आणि त्यांच्यात मान वाकडी करून पडलेला एखादा बुश किंवा नॅशनल-एको. पहिले वीस-पंचवीस तिथले. सुटे भाग बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मिळत. तिथे एका दुकानाच्या माळ्यावर कोऱ्या खोक्यांतले व्हॉल्व्ह होते, तेव्हा पन्नास-साठ रुपयांना एक. ते वेळीच जास्त घेऊन ठेवायला हवे होते, ही खंत आजही जात नाही.

पण मोठी भर पडली ती नंतर, पुनर्विकासाच्या दिवसांत. जुन्या सोसायटीची सही झाली, रिकामं करायची तारीख ठरली, की कुणीतरी माळ्यावर चढतं. तीस-चाळीस वर्षांनी. समया, पाळणा, पितळी बंब, आणि मागे कोपऱ्यात चादरीत बांधलेला रेडिओ. नव्या इमारतीत माळाच नाही. न्हाणीघरावर, स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर जे काँक्रीटचे खोल माळे असत ते गेले. तिथे आता सपाट छत आणि बसवलेले दिवे. मग फोन येतो. "बाबांचा आहे हो. भंगारात द्यायला हात होत नाही. तुमच्याकडे असू दे." मी रिक्षा करून जातो. एका आठवड्यात असे चार फोनही आलेले आहेत.

म्हणजे शहरातली जागा जशी आकसते तसे रेडिओ माझ्या दारात येतात. आणि माझंही दार त्याच शहरात आहे. नाही म्हणायला मला जमत नाही. नाही म्हटलेल्या एका सेटची मला आजही आठवण आहे. टेलिफंकन होता, हिरवा मॅजिक आय असलेला. जागा नाही म्हणालो. पंधरा दिवसांनी राहवलं नाही म्हणून फोन केला, तर तो भंगारवाल्यानं तांब्यासाठी फोडला होता. त्याच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून तांबं निघून निघून किती निघालं असेल?

काही गोष्टी मी ठरवून घेत नाही. दूरदर्शनचं मुंबई केंद्र १९७२ साली आलं आणि पुढे लाकडी सरकत्या दारांचे जे टीव्ही घराघरांत आले, ते खूप सुंदर असतात, पण एका टीव्हीच्या जागेत चार रेडिओ राहतात. स्पूलचे टेपरेकॉर्डरही नाहीत. ट्रान्झिस्टरांचा प्रश्न नाही. ते खणात राहतात, फक्त आतले सेल काढून ठेवावे लागतात, नाहीतर पाझरून पत्रे खातात.

तर मग ११२ सेट ठेवायचे कसे? मी जे जे करून पाहिलं त्यात पहिला माळा. आमच्या इमारतीला तो अजून आहे. एका पावसाळ्यानंतर वरची खोकी उतरवली तर उंदरांनी दोन सेटांतली डायलची दोरी खाल्ली होती. बँड बदलून काटा फिरवायचा म्हटलं तर काटा जागचा हलत नाही, कारण बटणापासून काट्यापर्यंत कप्प्यांवरून फिरणारी ती बारीक दोरीच नाही. एकाच्या स्पीकरचा कागदी कोन कसरीनं जाळीसारखा केला होता. डांबराच्या गोळ्या टाकाव्यात तर काही जातींचं जुनं प्लॅस्टिक त्यांच्या वाफेनं मऊ पडून चिकट होतं, बटणं आणि पुढची पट्टी खराब होते.

मग एका नातलगांनी रत्नागिरीकडचं आपलं बंद घर देऊ केलं. ऐसपैस माजघर, थंड, स्वच्छ. मी बारा सेट नेऊन ठेवले. कोकणातल्या पावसाचा अंदाज मला असायला हवा होता. जुन्या पेट्यांचा वरचा पातळ, शिसवी रंगाचा लाकडी पापुद्रा सरसानं चिकटवलेला असतो, आणि सरस दमटपणात सुटतो. गणपतीत गेलो तेव्हा चार पेट्यांचे पापुद्रे पोळीच्या पदरांसारखे उलगडले होते आणि आतल्या पत्र्यांवर पांढरी बुरशी होती. पेट्या मी हळूहळू पुन्हा चिकटवल्या. दोन मात्र पूर्वीसारख्या झाल्या नाहीत.

त्यातून कळलं ते एवढं, की घरातल्या भिंती सारख्या नसतात. पश्चिमेची बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते. तिला लाकडी सेट लावायचे नाहीत, तिथे बेकेलाइटचे. १९०७ साली लिओ बेकलँडनं बनवलेलं हे कृत्रिम द्रव्य फुगत नाही, वाकत नाही, वाळवीला चालत नाही. पडलं तर मात्र काचेसारखं तडकतं, म्हणून ते खालच्या कप्प्यात. लाकडी सेट आतल्या भिंतींना, मधल्या उंचीवर. माझा भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे. त्यानं एकदा घर पाहून विचारलं, "मामा, एका चौरस मीटरवर किती वजन येतंय, मोजलंस?" राहत्या खोलीची जमीन साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर भार धरून आखलेली असते. त्यानं कागदावर मांडून दाखवलं: पाच सेट एकावर एक, तर त्यांच्या पायाखालच्या तेवढ्या तुकड्यावर त्या हिशेबापेक्षा जास्त भार पडतो. पूर्ण खोलीचा विचार करता चालतं, पण मधोमध नको, भिंतीलगत, तुळईजवळ. मी त्याप्रमाणे केलं. तेव्हापासून आमच्या खोल्यांच्या मधोमध मोकळी जमीन आहे आणि हिला त्याचा फार आनंद आहे.

शेवटी शहराबाहेर एक गाळा भाड्यानं घेतला. पत्र्याचं शटर, कोरडी फरशी, लोखंडी घोडे. सत्तर सेट तिथे गेले. घर एकदम मोठं झालं. महिन्यातून एकदा मी जायचो, शटर वर करायचो, कापडं बाजूला करून बघायचो, परत झाकायचो. दीड वर्ष असं गेलं. चोरी झाली नाही, पाणी आलं नाही, उंदीर नव्हते. आणि तरीही सेट मरत होते.

हे मला थोडं नीट सांगितलं पाहिजे. व्हॉल्व्ह रेडिओत विजेचा लहरीपणा गाळणारे मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात. आत ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि त्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. तो थर आहे म्हणूनच कंडेन्सर काम करतो, आणि तो थर टिकतो तो त्यातून वीज खेळती राहिली तर. सेट वर्षानुवर्षं बंद राहिला की थर झिजतो. मग एक दिवस कुणीतरी हौसेनं प्लग लावतं, पूर्ण दाबाची वीज आत जाते, कंडेन्सर तापतो, फुगतो, कधी फुटतो, आणि जाता जाता ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. पुस्तक न वाचता शंभर वर्षं राहू शकतं. रेडिओ न वाजता राहू शकत नाही.

म्हणून जुने मेकॅनिक सिरीज बोर्ड वापरत. एका लाकडी पाटीवर होल्डर, सॉकेट आणि बटण. होल्डरमध्ये तारेचा जुना पिवळा दिवा, शंभर वॅटचा. वीज आधी दिव्यातून जाते, मग रेडिओत. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवाच भगभगून पेटतो आणि रेडिओ वाचतो. सगळं ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळतो आणि मग मंद होत होत नुसती लाल तार उरते. त्या मंद होण्याकडे बघत मी कितीतरी संध्याकाळी काढल्या आहेत. तार लाल झाली, की मागच्या भोकांतून व्हॉल्व्हच्या वाती दिसायला लागतात, लाकूड आणि धूळ तापल्याचा वास येतो, स्पीकरमधून आधी घुमणारी शांतता येते आणि मग, काटा कुठे असेल त्याप्रमाणे, कुणाचा तरी आवाज.

मॅजिक आयचं नेमकं उलटं. स्टेशन बरोबर लागलं की मिटत येणारी ती हिरवी पाकळी वापरानं विझत जाते. काचेच्या आतला चकाकणारा लेप जळत जातो आणि रोजच्या वापरानं पुढे डोळा धूसर होतो. म्हणजे एकाच पेटीत एक भाग न वापरल्यानं जातो आणि दुसरा वापरल्यानं. दोघांना सांभाळेल असा मध्य मी वर्षानुवर्षं शोधतो आहे. गाळ्याच्या दिवसांत मी नेम केला, की प्रत्येक सेट दोन महिन्यांतून एकदा अर्धा तास वाजला पाहिजे. ११२ सेट म्हणजे रोज जवळपास दोन. गाळ्यात ते शक्य नव्हतं. मी गाळा सोडला.

बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी लहानपणापासून जातो. काका केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं ते उभं केलं. अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं, दारं. माणसाच्या हातातून गेलेलं सगळं. तिथे सुमारे २०,००० वस्तू आहेत आणि मांडलेल्या सुमारे २,५००. पूर्वी हा आकडा वाचला की मला मांडलेल्या वस्तूंचं कौतुक वाटे. आता मी न मांडलेल्यांचा विचार करतो. अडकित्ता अंधारात वीस वर्षं राहिला तरी बाहेर काढल्यावर अडकित्ताच असतो, सुपारी कातरू शकतो. माझ्या वस्तूंचं तसं नाही. मांडणं आणि जपणं ही दोन कामं रेडिओच्या बाबतीत वेगळी करता येत नाहीत.

लंडनच्या वेस्ट डलिच भागात जेरल्ड वेल्स नावाचे गृहस्थ होते. १९२९ साली ज्या घरात जन्मले त्याच घरात अखेरपर्यंत राहिले. २०१४ मध्ये वारले. रेडिओचं वेड इतकं लहानपणापासून, की त्यापायी सुटे भाग चोरल्याबद्दल पोरवयात त्यांना सुधारगृहात पाठवलं गेलं होतं. १९७४ मध्ये त्यांनी त्या घराचंच रेडिओ संग्रहालय केलं. खोल्या भरल्या, जिने भरले, मग मागच्या बागेत एकाला एक जोडून लाकडी शेड उभ्या राहिल्या आणि त्याही भरल्या. हजाराहून जास्त सेट. ते स्वतः उत्तम दुरुस्ती करत आणि सेट वाजते ठेवत. मी ते घर पाहिलेलं नाही. छायाचित्रं पाहिली आहेत. त्यांच्यात मला सगळ्यात जास्त ती बाग दिसते. बाग असलेल्या माणसाची संपत्ती मला कधी नव्हे ती हेव्याची वाटली.

जागेचा आणखी एक प्रकार असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. आमच्या खोलीत रेडिओ लावला तर आधी ऐकू येते खरखर. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर. यांतल्या स्विचिंगच्या सर्किटांचा कचरा बरोबर मीडियम वेव्हवर सांडतो. त्यात काँक्रीटमधल्या सळ्या लहरी अडवतात. पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ शहरातल्या शहरात मिळतात, पण मुंबईचे ५५८ आणि १०४४ पकडायचे तर मी रात्री अकरानंतर आमचे सगळे एलईडी बंद करून, खिडकीत जाळीची एरियल बांधून बसतो. सूर्य मावळल्यावर वातावरणाचा वरचा एक थर विरतो, आणि दिवसा त्यात जिरणाऱ्या लहरी त्याहून उंच जाऊन परततात. त्यामुळे रात्री लांबची केंद्रं येतात. एके काळी डायलवर छापलेली ती सगळी गावं रात्री खरोखर बोलत. दिल्ली, सिलोन, लंडन. माझ्याकडच्या एका फिलिप्सच्या काचेवर शॉर्टवेव्हच्या पट्टीत तांबड्या ऑइलपेंटचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका आहे. तो रेडिओ सिलोनचा. बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणीमंत्री होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास नाहीसं झालं आणि ऐकणारे सिलोनकडे गेले. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली तरी ही सवय पुष्कळ घरांत राहिली. ज्या मुलीनं तो ठिपका दिला त्या आता सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि सेट माझ्याकडे देताना त्यांनी एकच सांगितलं, काच पुसू नका. पुसणारच नव्हतो. डायलची अक्षरं काचेच्या आतल्या बाजूला छापलेली असतात, ओल्या फडक्यानं क्षणात निघून येतात.

गाळा सोडल्यावर सत्तर सेट परत घरात. जेवणाच्या टेबलाखाली, पलंगाखाली, हिच्या शिवणयंत्राच्या दोन्ही बाजूंना. हिनं तक्रार केली नाही, एका रात्री फक्त म्हणाली, "यातले किती आपल्याला ऐकू येतात?" मी उत्तर दिलं नाही. रोज दोन ऐकू येत होते, तेही मी नेमानं लावत होतो म्हणून. वाड्यातला एक सातही जणांना ऐकू येत होता.

तळमजल्यावरच्या काकू ऐंशीच्या आहेत. दिवाळीच्या फराळाचा डबा घेऊन आल्या आणि बुशच्या एका सेटपुढे उभ्या राहिल्या. "अहो, हाच आमच्याकडे होता. हेच बटण. दिवाळीपुरता नेऊ का खाली?" मला भीती वाटली. पण नेला. त्यांच्या बैठकीत, मोकळ्या कोनाड्यासारख्या जागेत ठेवला, अर्थिंग तपासलं, एरियल ताणली. पाडवा झाला, भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं. सेट परत मागायला मी दोनदा खाली गेलो आणि दोन्ही वेळा तो चालू होता. पेटीवर हात ठेवला तर कोमट. माझ्या घरातला कुठलाही सेट इतका वेळ चालू नव्हता. मी न मागता परत आलो.

ती पहिली ठेव. आज एकतीस सेट बाहेर आहेत. एक जुन्या वाचनालयाच्या मासिकांच्या टेबलाजवळ, एक केशकर्तनालयात, दोन भावंडांकडे एकाच जातीचे दोन, एक निवृत्त शिक्षकांकडे, ते तो फक्त संध्याकाळी लावतात. मालकी कुणाची हे मी ठरवत नाही. वहीत 'ठेव' असं लिहितो, खाली दोघांच्या सह्या. अटी थोड्या. आठवड्यातून निदान अर्धा तास वाजवायचा. विजा चमकायला लागल्या की प्लग आणि एरियल दोन्ही काढायचं. वर फुलदाणी ठेवायची नाही, कारण पाणी सांडलं तर ते सरळ आतल्या पत्र्यावर जातं. ट्रान्सफॉर्मर नसलेले एसी-डीसी सेट मी बाहेर देतच नाही. त्यांच्या चासिसचा पत्रा विजेच्या तारेला थेट जोडलेला असतो. बटणाची टोपी निघाली आणि कुणी खालच्या दांड्याला हात लावला तर जीव जाऊ शकतो. ते सगळे माझ्याकडे, वरच्या कप्प्यात, प्रत्येकावर चिठ्ठी.

एकदा एक सेट परत आला, डायलची काच तडकलेली. ज्यांच्याकडे होता ते दारात उभे राहून बोलूच शकत नव्हते. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि रात्री ती काच हातात घेऊन बसलो. पण त्या सेटचे कंडेन्सर उत्तम होते. चार वर्षं रोज वाजलेला तो. मी त्यांना आत बोलावलं, दुसरा सेट दाखवला, आणि ते तो घेऊन गेले.

घरात ८१ उरले. आता ते मांडता येतात. कंपनीप्रमाणे किंवा सालाप्रमाणे लावावेत असं काही जाणकार सांगतात. मी ते ज्या घरांतून आले त्याप्रमाणे लावतो. शनिवार पेठेतले शेजारी शेजारी, सोलापूरहून आलेले तिघे एकत्र. ज्यांच्यात लायसन्सची पुस्तिका सापडली त्यांच्या पाठीला ती मेणकापडाच्या पाकिटात बांधलेली. दोन सेट मी दुसऱ्यांना वाचवण्यासाठी उघडले आहेत. त्यांच्या आता फक्त पेट्या आहेत, रिकाम्या, आणि त्याही मी ठेवल्या आहेत, कारण त्यांच्यातले व्हॉल्व्ह सहा घरांत जळताहेत.

रविवारी सकाळी सोल्डरिंगची पिशवी घेऊन मी फेरीला निघतो. कुठे बँडच्या स्विचला क्लीनर मारायचा असतो, कुठे दोरी बदलायची असते, कुठे नुसतंच बसायचं असतं. लोक आधी चहा विचारतात आणि मग हळूच सांगतात, परवा रात्री काय लागलं होतं. केशकर्तनालयात माझा नंबर नसताना मला खुर्ची देतात.

वहीतली कालची नोंद: तळमजला, काकू, बुश. आवाज स्वच्छ. काटा पुण्यावर. डायलचा दिवा गेला होता, बदलला. ६.३ व्होल्टचे दिवे आता सात उरले.